चौकातला ठणठणीत मी

आजारी माणसाला लोक विचारतात, "काय होतंय?" बऱ्या झालेल्या माणसाला विचारतात, "कागद आहे का?" हा फरक मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळला.

मी मुनव्वर शिकलगार. शिरोलीकडच्या एका फौंड्रीत एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. गेल्या वर्षी डाव्या फुप्फुसात टीबी निघाला आणि मी घरी बसलो. आठ महिने कामगार विम्यातून आजारपणाचा भत्ता मिळाला, त्यावर घर चाललं. त्याबद्दल मी विमा ऑफिसचा मनापासून आभारी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून कुणाचाही माझ्याविषयी गैरसमज होऊ शकतो.

औषधांचा कोर्स संपला त्याच आठवड्यात फौंड्रीतून पत्र आलं. मंगळवार दिनांक एकपर्यंत फिटनेस सर्टिफिकेट घेऊन हजर व्हावे. न झाल्यास स्टोअरचा चार्ज सध्या तो सांभाळणाऱ्या आदर्श यांच्याकडे कायम करण्यात येईल, आणि आपणांस 'अन्यत्र सामावून घेण्याचा' विचार केला जाईल. आमच्याकडे अन्यत्र म्हणजे भट्टीजवळचं वाळूचं खातं. तिथं चांगल्या फुप्फुसाचा माणूससुद्धा तोंडाला रुमाल बांधून उभा राहतो. माझ्या फुप्फुसाला तिथं फार तर दोन महिने मिळाले असते. पत्र माझ्या बायकोनं, नुजहतनं, वाचलं. तिनं ते घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. महत्त्वाचे कागद ती तिथंच ठेवते.

लगेच विमा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर अनुजा मॅडम फार कमी बोलतात. त्यांनी रिपोर्ट पाहिले. "थुंकी साफ आहे. एक्स-रेवरचा डाग गेलाय. पण वजन अठ्ठेचाळीस? शिकलगार, पन्नास करून या. पुढच्या सोमवारी फिटनेस देते."

"मॅडम, मंगळवारी मला हजर व्हायचंय."

"म्हणूनच सोमवारी बोलावलं. एकच्या आत या. एकला बाह्यरुग्ण विभाग बंद होतो."

सात दिवसांत दोन किलो. आठ महिन्यांत मी जे चार किलो कमावले, त्यात बायकोचा जीव अर्धा झाला होता. आता हे दोन कुठून आणायचे, या विचारात घरी आलो, आणि चूक अशी झाली की हा विचार मी जिन्यात मोठ्यानं बोललो.

आमच्या चाळीत वजनाच्या बाबतीत प्रत्येक जण तज्ज्ञ आहे. समोरच्या धोंडुबाईंनी ताबडतोब ताबा घेतला. "मी सांगतो ते ऐका," त्या म्हणाल्या. (आमच्याकडे बायका 'मी सांगतो'च म्हणतात. बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला बाहेरच्यांचं वाटतं.) "संध्याकाळी दूध कट्ट्यावर जायाचं. म्हस समोर पिळून घ्यायची. फेसासकट प्यायचं. आमचा थोरला त्याच्यावरच वाढलाय." त्यांचा थोरला दारातून आडवा होऊन आत येतो, त्यामुळे हा पुरावा नाकारणं अवघड होतं.

वरच्या मजल्यावरचे ज्ञानूअण्णा एस. टी.चे निवृत्त कंडक्टर. गडहिंग्लजच्या गाडीवर जन्म काढलेला माणूस. त्यांचा मार्ग निराळा होता. "दूध कशाला? खिशात चार नट-बोल्ट टाका की. स्टोअरचा माणूस तुमी. काट्याला काय कळतंय, हाड हाय का लोखंड?"

मला राग आला. एकोणीस वर्षांत त्या स्टोअरमधून एक वॉशर माझ्या खिशातून बाहेर गेला नाही, आणि आता बरा झालोय हे दाखवायला नट घालू? मी तसं बोललोही.

"मग राहू दे की," अण्णा शांतपणे म्हणाले. "घरबसल्या भत्ता येतोय. आजारीच ऱ्हावा अजून. काय घाई हाय?"

घाई नुसती पत्राची नव्हती. दर महिन्याला भत्ता जमा झाल्याचा मेसेज आला की मी फोन पालथा ठेवायचो. पैसा हक्काचा होता, माझ्याच पगारातून वर्गणी कापून गेलेली होती, हे पाठ होतं. पण माझी फार इच्छा होती की कुणीतरी पुन्हा खिडकीवर थाप मारून ओरडावं, "ओ स्टोअर, बेल्ट द्या लवकर!" आठ महिन्यांत माझ्यावर कुणी ओरडलंच नव्हतं. सगळे हळू बोलायचे. त्याचा फार कंटाळा आला होता.

म्हणून दूध पिऊ लागलो. मंगळवारी एक ग्लास, बुधवारी दोन. शिवाय घरात मटणाचा पांढरा रस्सा, धोंडुबाईंचे डिंकाचे लाडू, रात्री केळी. बुधवारी किराणा दुकानाच्या काट्यावर गुपचूप उभा राहिलो. अठ्ठेचाळीस किलो नऊशे. चार दिवस हाताशी होते. मी चक्क शीळ घालत घरी आलो.

गुरुवारी सकाळी चौकात गेलो आणि समोर मीच उभा होतो.

दहा फूट उंच. लंगोट कसलेला, छाती पुढे, खांद्यावर गदा. मान माझी, चेहरा माझा, मतदार ओळखपत्रावर असतो तसा दचकलेला. मानेखाली मात्र साक्षात पैलवान. वर अक्षरं होती: 'आजाराला चितपट करून पुन्हा मैदानात! मुनव्वरभाई शिकलगार ठणठणीत बरे झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून तालमीतले बत्तीस चेहरे, त्यातले सहा काळा चष्मा लावलेले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या शहरात वाढदिवस, निवड, परदेशी गेलेला भाचा, नवी गाडी, सगळ्याला फ्लेक्स लागतो. फ्लेक्स लागला नाही तर ती गोष्ट घडलीच नाही असं समजतात. त्यामुळे तालमीचा हेतू निर्मळ होता. आमच्या तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजाही बसतो, दोन्हीच्या मांडवात मी लहानपणापासून राबलोय, पोरांचा जीव आहे माझ्यावर. पण मी कागदोपत्री आजारी होतो! भत्ता चालू होता! आणि भर चौकात मी गदा घेऊन उभा होतो.

तालमीचा अध्यक्ष गुंडू दुकानात अंडी मोजत होता. मी त्याला गाठलं. "गुंडू, ते आत्ताच्या आत्ता उतरव."

"उतरवायचं? का वो? फोटू आवडला न्हाय?"

"अरे, ते अंग कुणाचं आहे?"

"आपल्या तालमीतल्या राजवीरचं की. तुमचा खराखुरा फोटू लावला असता तर लोकांनी श्रद्धांजली समजली असती. म्हणून मुंडकं तुमचं घेटलं."

मी त्याला भत्ता समजावला, सर्टिफिकेट समजावलं, सोमवार समजावला. गुंडूनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बऱ्या झालेल्या माणसाचा फ्लेक्स उतरवायचा म्हंजे अपशकुन. ते मी करनार न्हाय, भाई. तुमच्या जिवावर बेतलं तर? पर तुमी सोमवारपतोर बरं झालं न्हाईसा, येवढंच हाय न्हवं? मग तेवढी दुरुस्ती करतो की."

दुरुस्ती हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. यावरून माझी प्रकृती अजून किती नाजूक होती ते दिसतं.

शुक्रवारी सकाळी फ्लेक्सवर, बरोबर छातीवर, पिवळ्या चिकटपट्टीवर लाल अक्षरांत एक शब्द आडवा लावलेला होता: 'लवकरच!'

आता तो नुसता बरा झालेला माणूस राहिला नव्हता. ठरवून, तारीख बघून बरा होणारा माणूस झाला होता. येणारे जाणारे थांबून वाचत होते. फौंड्रीची बस सकाळी साडेसहाला त्याच चौकातून जाते. शुक्रवारी तिच्या खिडक्यांतून सगळी पहिली पाळी माझ्याकडे, म्हणजे वरच्या माझ्याकडे, बघत गेली. खालचा मी खांबाआड होतो.

त्या काळजीनं असेल किंवा धारोष्ण दुधानं, शनिवारी पोट बिघडलं. शनिवार आणि रविवार मी घरात कुठे काढले ते सांगत नाही. रविवारी रात्री नुजहतनं भाताची पेज समोर ठेवली. "किती उरलं?" तिनं विचारलं.

"दुकानातल्या काट्यावर चढायची हिंमत नाही."

"वाळूच्या खात्यात तुमास्नी मी जाऊ देनार न्हाय," ती एकदम म्हणाली. "नोकरी गेली तरी चालंल. पुन्हा ते खोकणं मला ऐकवनार न्हाय." आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेज संपवली. आणखी एक वाटी मागितली.

सोमवारी सकाळी साडेनऊला दवाखान्यात हजर. मॅडमनी फाइल उघडली, आत अडकवलेली चिठ्ठी वाचली आणि बंद केली. "शिकलगार, विमा ऑफिसमधून निरोप आहे. आधी तिथे उदयसिंह साहेबांना भेटून या. मग वजन."

"काय झालं मॅडम?"

"मला विचारू नका. पण एकच्या आत परत या."

विमा ऑफिस तिथून दोन किलोमीटर. माझा नंबर लागेपर्यंत पावणेबारा झाले. उदयसिंह साहेब मध्यमवयीन, नीटनेटके, आवाज न चढवणारे. असे साहेब जास्त भीतिदायक असतात. त्यांनी आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. स्क्रीनवर गदा घेतलेला मी.

"मी रोज त्या चौकातून येतो," ते म्हणाले. "गुरुवारी वाटलं, नाव सारखं असेल. शुक्रवारी ते 'लवकरच' आलं. शिकलगार, हा माणूस आठ महिने अंथरुणाला खिळलाय असं फाइल म्हणते. मी फाइलचं ऐकू की डोळ्यांचं?"

"साहेब, ते अंग माझं नाही."

"सगळे असंच काहीतरी म्हणतात."

यापूर्वी कुणी असं म्हणालं असेल असं मला वाटत नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता, घड्याळात बाराला दहा कमी होती. मी जाकीट काढलं. शर्ट काढला. बनियनही काढलं. मागे रांगेत चौदा माणसं होती. पंख्याच्या वाऱ्यात मी उभा राहिलो आणि साहेबांनी माझ्या एकेका बरगडीकडे पाहिलं. रांगेतली एक म्हातारी हळूच "अगं आई गं" म्हणाली. आयुष्यात इतकं लाजल्याचं मला आठवत नाही.

साहेबांनी मोबाइल माझ्या दंडाशेजारी धरला. फोटोतल्या दंडावर 'आई' असं गोंदलेलं होतं, ते मी स्वतःही नीट पाहिलं नव्हतं. माझा दंड कोरा.

"आम्ही अम्मी म्हणतो साहेब," मी म्हणालो.

साहेबांच्या मिश्या हलल्या. पण फाइल ती फाइलच. "अंग तुमचं नाही, मान्य. मग कुणाचं? तेवढा जबाब लागेल. आणि दुसरं, रागावू नका, तुम्ही तर मला अजून आजारीच दिसताय. वैद्यकीय मंडळापुढे पाठवू का? पुढच्या महिन्यात बसतंय."

पुढच्या महिन्यात! म्हणजे आठ महिने मी आजारी होतो हे आता कुठे सिद्ध झालं, आणि ते इतकं उत्तम सिद्ध झालं की उद्या बरा असण्याची वाट बंद झाली. मी उघड्या अंगानं बाहेर व्हरांड्यात पळालो आणि गुंडूला फोन लावला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, पण मोठ्यानं बोललो, एका दमात बोललो, आणि शेवटी ओरडलो, "ते अंग घेऊन ये!"

अंग बारा वीसला आलं. गुंडू, ज्ञानूअण्णा आणि मध्ये राजवीर अशी रिक्षा आली, तेव्हा रिक्षा मागच्या बाजूला दबलेली होती. राजवीर बावीस वर्षांचा, पेठ वडगावचा, स्वभावानं गाय. पण तोही चिडलेला. "सायेब, माझी बी तक्रार लिहून घ्या. मला न इचारता माझी बॉडी लावलीय. गावाकडनं फोन याला लागल्यात, तुझं मुंडकं कुठं गेलं म्हनून."

"शर्ट काढा," साहेब म्हणाले.

टेबलासमोर आम्ही दोघं शेजारी शेजारी उघडे उभे राहिलो. साहेबांनी फोटो पाहिला, त्याला पाहिला, दंड पाहिला, मला पाहिलं. मग खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा गंभीर होता. राजवीरनं जबाब लिहून दिला: 'सदर फ्लेक्सवरील मानेखालचा भाग माझा आहे.' साहेबांनी त्यावर सही केली, शिक्का मारला आणि मला म्हणाले, "भत्त्याबद्दल आमची हरकत नाही. फिट आहात की नाही ते डॉक्टर ठरवतील. जा, पावणेएक होत आलेत."

ज्ञानूअण्णांनी मला बनियन घातलं, शर्ट घातला, जाकीट घातलं, लग्नातल्या नवऱ्यासारखं तयार केलं. मी रिक्षात बसलो. दोनशे पावलांवर रिक्षा थांबली. पुढे मोर्चा होता. कशाचा ते माहीत नाही. आमच्या शहरात मोर्च्याचं कारण संध्याकाळी कळतं.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"पावणं, आता चहाच घ्या," रिक्षावाला इंजिन बंद करत म्हणाला.

मी उतरलो आणि पळालो. झेंडे, घोषणा, पाण्याच्या बाटल्या यांच्यामधून, "सरका, सरका" करत, पुढे बोळातून, मंडईच्या मागून, उसाच्या गाड्याला धडकून, त्या उसवाल्याशी पळत पळत भांडून. दवाखान्याचा जिना चढलो तेव्हा शिपाई दार लावत होता. मी पाय आत घातला.

"मॅडम! एकला तीन मिनिटं आहेत!"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग काट्याकडे बोट केलं. मी उभा राहिलो. आकडे थरथरले आणि थांबले. पन्नास किलो दोनशे.

दोन दिवस पोट बिघडून पन्नास! मला देव आठवला. मॅडमनी पेन उघडलं. घाम पुसायला मी जाकिटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला आणि हाताला गार लागलं. पितळेचं कुलूप. मोठं, जुनं, ज्ञानूअण्णांच्या ट्रंकेचं. जाकीट घालताना त्यांनी आपलं काम केलं होतं.

वस्तू हातात घेतली की वजन कळतं, ही एकोणीस वर्षांची सवय. साडेआठशे ग्रॅम. खरा मी एकोणपन्नास तीनशे पन्नास. मॅडमनी फॉर्मवर माझं नाव लिहिलं होतं. मी गप्प उभा राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मला वाळूचं खातं दिसत होतं, नुजहतचे डोळे दिसत होते. आणि उद्या ज्या खिडकीत बसायचं तीही दिसत होती. तिथं बसून मला रोज दुसऱ्यांचे खिसे बघायचे असतात.

मी कुलूप काढून टेबलावर ठेवलं. "हे धरून होतं, मॅडम. साडेसहाशे ग्रॅम कमी पडतायत."

मॅडमनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कुठून आलात?"

"विमा ऑफिसातून."

"रिक्षानं?"

"नाही, मोर्चा होता. पळत. साहेबांना अंग दाखवायला उशीर झाला, मग तो राजवीर, मग उसवाला मध्ये आला, तो म्हणतो बघून चाला, मी म्हणालो तू गाडा बघून लाव, आणि खाली शिपाई..."

"शिकलगार, थांबा." त्यांनी छातीवर नळी ठेवली. बराच वेळ ऐकलं. मग नळी काढली. "दोन किलोमीटर पळत आलात. जिना चढलात. गेली दोन मिनिटं न थांबता बोलताय. एकदा तरी खोकलात?"

मी आठवून पाहिलं. सकाळपासून नाही. काल नाही. आठ महिन्यांपूर्वी याच काट्यावर मला दोघांनी दंडाला धरून उभं केलं होतं आणि स्वतःचं नाव सांगताना मी मध्ये दोनदा थांबलो होतो. मला एकदम रडू आलं. ते मी रुमालावर, म्हणजे घामावर ढकललं.

"पन्नास मी सांगितलं ते तुम्ही जेवावं म्हणून," मॅडम म्हणाल्या आणि सही करू लागल्या. "सर्टिफिकेट फुप्फुसाचं असतं. उद्यापासून कामास योग्य. धुळीत नाही, स्टोअरमध्येच, तेही लिहिते. आणि हे कुलूप घेऊन जा."

मंगळवारी सव्वासहाला डबा घेऊन चौकात उभा राहिलो. शर्टाच्या खिशात सर्टिफिकेट. गुंडू शिडीवर चढलेला होता. आता मी कायदेशीर बरा झालो होतो, तेव्हा 'लवकरच' काढणं हे अध्यक्ष म्हणून त्याचं कर्तव्य होतं. त्यानं पट्टीचं टोक धरलं आणि जोरात ओढलं. गोंद पक्का होता. पट्टीबरोबर खालचा रंगही निघून आला.

दहा फुटी मुनव्वरभाईंच्या छातीवर, डाव्या बाजूला, पांढराफटक डाग उमटला. आकारसुद्धा तोच. एक्स-रे मी इतक्यांदा उजेडात धरून पाहिलाय की चूक होणं शक्य नाही.

"भाई, जरा खराब झालं बगा," गुंडू वरून म्हणाला. "उतरवू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "त्याला आता आठ महिने रजा."

बस आली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ओ स्टोअर, चढा की लवकर! का तितंच उभं ऱ्हानार हाय?"

किती मोठ्यानं ओरडला तो. मी पळत जाऊन बस पकडली.